घामटकाकांचं कोरडं अंग

"अगं, पण घाम येतोय का त्याला?"

"तो यावा म्हणून तर गुंडाळून ठेवलाय, बाबा. दोन-दोन पांघरुणं घातलीत. सासूबाई म्हणतात, एकदा घाम सुटला की ताप आपोआप खाली येतो."

"सुटला का, तेवढं सांग."

"नाही ना! अंग तव्यासारखं तापलंय आणि कपाळ कोरडं ठणठणीत. औषध पाजलं तरी उतरायचं नाव नाही. बाबा? ऐकताय ना?"

बाबा ऐकत होते. डाव्या हातात फोन, उजव्या हातात कॉस्टिक सोड्याची पिचकारी, पुढ्यात काचेच्या मोठ्या भांड्यात घाम. खरा नव्हे, बनवलेला. कापडशास्त्राच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत हे त्यांचं काम. पाण्यात मीठ टाकायचं, फॉस्फेटची भुकटी टाकायची, हिस्टिडीन नावाची पांढरी पूड टाकायची, आणि मग सोड्याचे थेंब सोडत आंबटपणा माणसाच्या अंगावरल्या घामाइतका आणायचा. रोजचा घाम रोज करायचा, शिळा चालत नाही. मुलं त्यात रंगीत कापडाचा तुकडा पांढऱ्या तुकड्याला टाचून बुडवतात, काचेच्या पट्ट्यांत दाबतात आणि अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवतात. पांढऱ्यावर डाग पडला की समजायचं, रंग कच्चा.

असा भांडी भरभरून घाम करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या अंगाला मात्र जन्मात घाम आलेला नव्हता. कातडीला ती छिद्रंच नाहीत म्हणे. डोक्यावर केस विरळ, मक्याच्या कणसाला असतात तसे. दात आले ते चार, तेही खिळ्यासारखे. बाकी सगळी कवळी. त्यांचा बाप वीटभट्टीवर कामाला. पोरगं दोन खेपा मारून लालबुंद व्हायचं आणि धपकन पडायचं, नाहीतर जाऊन चिखलाच्या खड्ड्यात बसायचं. बाप म्हणायचा, "म्हशीचा जन्म चुकून आमच्या घरात आला. घाम गाळायचा म्हटलं की डुंबायला पळतंय." बाप मरेपर्यंत त्याला कामचुकारच म्हणत राहिला.

डॉक्टरनं खरं काय ते सांगितलं, तेव्हा पोरगं बाप्या झालं होतं. तोवर त्यानं आपली युक्ती शोधली होती. बनियन नळाखाली भिजवायचं आणि तसंच अंगात घालायचं. वाळलं की पुन्हा भिजवायचं. पाठीवर कायम ओल, म्हणून मुलांनी नाव पाडलं घामटकाका. त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. घरीही 'अंगात उष्णता आहे' एवढंच सांगायचे. लेकही तेच ऐकत मोठी झाली.

डॉक्टरनं आणखी एक सांगितलं होतं. मुलीला त्रास व्हायचा नाही, पण तिच्या पोटी मुलगा आला तर त्याला होऊ शकतो. लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा बायको म्हणाली, "ब्र काढू नका. मुलगाच होईल कशावरून?" बायको गेली. लेकीला मुलगा झाला. आठ महिन्यांचा होता, आणि तिकडे दोन पांघरुणांखाली तापत होता.

दुसऱ्या कुणाला अशा वेळी दरदरून घाम फुटला असता. यांना तीही सोय नव्हती. कान तेवढे भाजायला लागले.

"बाय, आधी पांघरुणं काढ."

"बाबा, सासूबाई..."

"काढ म्हणतो ना! सगळे कपडे काढ. पातळ कापड साध्या पाण्यात भिजव, त्याच्या अंगाला लाव आणि पंख्याखाली घे. मग तसाच दवाखान्यात ने. तिथं सांग, पोराच्या आजोबाला जन्मात घाम आलेला नाही."

पलीकडे काही हललं. फोन विहीणबाईंच्या हातात गेला.

"व्याही, तापलेल्या पोराला पाणी लावायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"त्याला घाम येणारच नाही, विहीणबाई. कितीही गुंडाळा. मला येत नाही, तसा त्यालाही नाही. तुम्ही झाकाल तेवढा तो आत भाजेल."

"आणि हे तुम्हाला आत्ता कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. ते म्हणाले, "नाही. लग्नाआधीपासून माहीत होतं."

पलीकडे पोरगं रडत होतं. मग विहीणबाईंचा आवाज आला, फोनपासून लांब गेलेला: "सूनबाई, बादली आण. काढ ते सगळं, काढ!" आणि जवळ येऊन, हळू: "माझ्या हातानं मेलं असतं की हो लेकरू."

फोन बंद झाला.

घामटकाका स्टुलावर बसून राहिले. त्यांची पाठ वाळली होती, तरी उठून नळाकडे जावंसं वाटेना. भिंतीपलीकडे मुलांचा गोंगाट वाढत गेला. किती वेळानं कोण जाणे, फोन वाजला.

"ताप उतरतोय," लेक म्हणाली. "दवाखान्यात ठेवून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, पाणी लावलं ते बरं केलं."

"बरं झालं, बाय. मी संध्याकाळी येतो."

"नका येऊ."

"लांबून बघतो नुसता."

"बाबा, तो जन्मला त्या दिवशी तुम्ही त्याला मांडीवर घेतलं होतं. तेव्हा तरी सांगायचं." ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "आता फोन करू नका. मला वाटलं तर मी करेन."

दारातून एका मुलीनं डोकं आत घातलं. "घामटकाका, आमचा घाम झाला का? मॅडम ओरडतायत. आम्हाला म्हणतात, उन्हात उभं करून तुमचाच काढते."

त्यांनी भांड्याकडे पाहिलं. बोलता बोलता हातातली पिचकारी कधी दाबली गेली, कळलं नव्हतं. आंबटपणा मोजणाऱ्या मीटरचा आकडा कुठच्या कुठे चढला होता. सोडा जास्त पडला होता. असल्या पाण्यावर कुठल्याच कापडाची खरी परीक्षा होत नाही.

"हा बिघडला," ते म्हणाले. "दुसरा करतो. मॅडमना म्हणावं, थोडं थांबा."

भांडं मोरीत उपडं केलं, स्वच्छ विसळलं. बनियन नळाखाली धरलं, पिळलं, अंगात घातलं. मग तराजूवर कागद ठेवला आणि मिठाची बरणी पुढं ओढली.