फिकी किनार

आधी एक गोष्ट क्लिअर करते. मॉडेल मी निवडलेलं. मी! पूर्ण वर्ष घालवून. जेवताना ताटाशेजारी मोबाइल टेकवून त्याचेच रिव्ह्यू बघायची. मम्मी ओरडायची, "अगं भाकरीकडे बघ, तिचा पण रिव्ह्यू कर." सत्तावीस इंच, बारीक कडा, स्टँड वर-खाली होतो, सगळं पाठ. मी तर त्याचं मॅन्युअल डाउनलोड करून वाचलेलं. जो मॉनिटर आपल्याकडे नाही त्याचं मॅन्युअल! कोणी करतं का असं? मी करते.

आणि आला कोणाकडे? फुईच्या मुलाकडे.

फुई म्हणजे आत्या. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणी, त्यामुळे फुईच. ती इकडे गुजराती मुलखात, पांडेसरात, आमच्या बाजूच्याच गल्लीत राहते. तिचा मुलगा माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, मला ताई म्हणतो, पण असं म्हणतो की टोमणाच वाटतो. त्याला गेम खेळायला मी शिकवलं. कीबोर्डवर बोटं कुठे ठेवायची तिथपासून! आजही दहातल्या आठ मॅच मी जिंकते, आणि त्या कशावर? पप्पांच्या मिलच्या ऑफिसातून भंगारात निघालेल्या मॉनिटरवर, ज्याच्यावर डावीकडे दोन बोटं सोडून वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आहे. ती जात नाही. त्या रेघेमागे कोणी लपला की मी मेलेच.

तर त्याला इच्छापोरला एका फॅक्टरीत कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं आणि काही महिन्यांनी त्याने विचारलं, "ताई, तू तो कोणता मॉनिटर बघत होती?" आणि मी, महामूर्ख, लिंक पाठवली. वर दोन व्हिडिओ पण पाठवले, हुशारी दाखवायला. चार दिवसांत बॉक्स त्याच्या घरी. बॉक्सचा फोटो आला, खाली गुजरातीत लिहिलेलं, "जो ने!" म्हणजे बघ ना! मी नुसता अंगठा पाठवला. दुसरं काही टाइप होईचना, आणि माझा टायपिंगचा स्पीड अख्ख्या कॉलेजला माहीत आहे.

आता त्या दोन व्हिडिओंतला एक होता बॅकलाइटवर. म्हणजे असं की स्क्रीनच्या मागे दिवे असतात, त्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. कधीकधी कडेने, कोपऱ्यातून तो गळतो. स्क्रीन पूर्ण काळी केली की कळतं, काळ्यावर पांढरट ढग दिसतात. ते बघून हा घाबरला. रविवार परत करायचा शेवटचा दिवस होता, म्हणून याने आधीच पिकअप बुक करून ठेवला, दुपारी चारचा. "खराब निघाला तर देऊन टाकू, चांगला असला तर कॅन्सल. तू येऊन सांग. तुला समजतं."

मला समजतं! मला हे पण समजत होतं की त्या साइटवर ते मॉडेल संपलेलं. मी रोज बघते ना. म्हणजे बदलून मिळणार नव्हता. गेला तर गेलाच. मग तो आणि मी परत सारखे.

खरं लिहिते, रविवारी त्याच्या घराचा जिना चढताना मी मनात म्हणत होते, खराब निघू दे, खराब निघू दे.

आणि तो समोर आला, लाकडी टेबलावर, मागे फुईचं देवांचं कॅलेंडर. काय दिसत होता यार! बंद असताना पण सुंदर. त्याने एक मॅच लावून दाखवली, सगळं असं सरकत होतं जणू तेल लावलंय. मी म्हटलं, "ठीक आहे."

"ठीक आहे? ताई, मस्त छे बोल ना!"

"चेक करायला आलेय ना? चेक करू दे."

चेक करायला अंधार पाहिजे आणि भर दुपार. फुईकडे एक काळा कपडा होता, पप्पांनीच मिलमधून आणून दिलेला, अस्तरासाठी. सेकंड माल, म्हणजे डाईंगमध्ये जरा चुकलेला. तो आम्ही खिडकीवर खिळ्यांना अडकवला, पंखा बंद केला कारण कपडा हलत होता, आणि घामाघूम होऊन बसलो. तो खुर्चीवर. मी खाली गादीवर.

आता खाली गादीवर का बसले? कारण तिथून कोपरे जास्त उजळ दिसतात. या जातीच्या पॅनलवर तिरकं बघितलं की एक चमक येते, ती सगळ्यांनाच येते, तो डिफेक्ट नाही. हे मला माहीत होतं. मॅन्युअल वाचलेलं ना मी. ब्राइटनेस पण त्याने व्हिडिओ बघून शंभरवर ठेवलेला. खेळताना कोणी शंभरवर ठेवत नाही. ते पण माहीत होतं. मी काही बोलले नाही.

काळी स्क्रीन लावली. चारी कोपऱ्यांत पांढरट उजेड. माझ्या मनात लाडू फुटले, सॉरी पण फुटले.

"आ शूं छे? हे काय?" तो म्हणाला.

"थांब, फोटो काढते."

आणि मी मोबाइल काढला, स्क्रीनवर बोट दाबून उजेड वर चढवला, वर, अजून वर, आणि फोटो घेतला. फोटोत जे आलं ते बघून मी पण दचकले. जणू चार ट्रक चार कोपऱ्यांतून हेडलाइट मारत येत आहेत! त्याला दाखवला, लगेच पाठवला पण.

"अरे बाप रे. ताई, हा तर खलास आहे."

"मी काही बोलत नाही. तुझा आहे, तू बघ."

बघा कशी! एक शब्द खोटा बोलले नाही. सगळं फोटोने केलं.

त्याने स्क्रीन बंद केली. मग उठला, केबल काढली, पलंगाखालून बॉक्स ओढला. त्याने सगळं जपून ठेवलेलं, थर्मोकोल, त्याची पिशवी, केबलला बांधलेली बारीक तार पण. स्क्रीन त्या पिशवीत घालताना त्याने आपल्या शर्टाने एक बोटाचा ठसा पुसला. परत द्यायची वस्तू, तिचा ठसा पुसत होता हा वेडा. मला मजा यायला पाहिजे होती. आली पण. पण थोडीशीच.

तेवढ्यात पप्पा आले. रविवारी ते फुईकडे जेवतात. दारातूनच त्यांनी खिडकी बघितली. "हाऊ काया कपडा आठे कसाले टांगेल शे?"

म्हणजे हा काळा कपडा इथे कशाला टांगलाय; आमच्या अहिराणीत ळ चा य होतो. पप्पा सगळं अहिराणीतच बोलतात, मी इथे सरळ करून लिहिते. ते मिलमध्ये कपडा चेकर आहेत, मला आठवतं तेव्हापासून. तिरप्या टेबलावरून ताका, म्हणजे कापडाचा लांबच्या लांब पट्टा, सरकत जातो, वर ट्यूबलाइट, आणि पप्पा बघतात डाग कुठे, रंग कुठे उडाला, किनार फिकी आहे का. मग फ्रेश नाहीतर सेकंड. त्यांच्या तोंडातून पास निघालं की पास.

आतेभावाने सगळं सांगितलं. "मामा, उजेड एकसारखा नाही. परत देतोय."

"एकसारखा नाही?" पप्पांनी थबकून बॉक्सकडे बघितलं. "लाव परत. बघू."

"मामा, हा कपडा नाहीये."

"लाव रे."

लावला. पप्पा लगेच बघायला बसलेच नाहीत. "उन्हातून आलोय," म्हणाले, "डोळे बसू दे." पाच मिनिटं नुसते डोळे मिटून खुर्चीवर. आतून फुई ओरडली, "भाऊ, जेवतोस की झोपतोस?" ते हलले नाहीत. मग डोळे उघडून पहिला प्रश्न, "तू खेळताना कुठे बसतोस?"

"याच खुर्चीवर."

"आणि उजेड एवढाच ठेवतोस?"

"नाही, एवढ्याने डोळे दुखतात."

"मग आज का एवढा ठेवला?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी कापडाकडे बघितलं.

त्याने ब्राइटनेस कमी केला. पप्पांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, थोडे उठले, बसले. ताका बघताना करतात तसंच. मग हसले. "हा उजेड तर माझ्याबरोबर चालतोय. मी इकडे गेलो की तो तिकडे. डाग जागावरच ऱ्हास, जागेवरच राहतो. जो आपल्याबरोबर सरकतो तो डाग नसतो, ट्यूबलाइटचा खेळ असतो. आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या आठवड्यात हेच करतात, चांगला ताका सेकंडला टाकतात."

मग ते पुढे वाकले आणि खाली उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे मात्र किनार फिकी आहे. ही हलत नाही." खरंच होतं ते, नखाएवढं. मी पण पाहिलं नव्हतं! "पण शिलाईमा जाई. पास."

शिलाईत जाईल म्हणजे, कापडाची कड थोडी फिकी असली तरी शिवताना ती आत दुमडली जाते, कोणाला दिसत नाही. असा ताका पप्पा पास करतात.

"मग खराब आहे म्हणालं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. ताई तर काही बोललीच नाही. तिने फोटो काढला फक्त." आणि त्याने फोटो दाखवला.

पप्पांनी फोटो बघितला. मग मला. मला माहीत होतं त्यांना काय आठवत असणार. मिलमध्ये कधीकधी भाव पाडायला दलालाचा एखादा माणूस येतो, ताका उलटा-पालटा करून, लाइटला धरून, काहीतरी काढतोच. घरी येऊन पप्पा म्हणतात, खोट काढायला आलेला खोट काढूनच जातो, त्याच्या डोळ्यात दोष नसतो, पोटात असतो. हे मी शंभरदा ऐकलेलं आणि शंभरदा हसलेले. त्या दिवशी त्यांनी फोन भावाला परत दिला. हात धुवायला आत गेले.

आणि बरोबर तेव्हाच भावाचा फोन वाजला. पिकअपवाला, वेळेच्या आधीच. "भैया, नीचे खड़ा हूँ, पार्सल लेके आ जाओ, गाडी रोड पे है."

तो मोबाइल हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. "ताई, मामा कपड्याचं बघतात. हे इलेक्ट्रॉनिक आहे. तू बोलशील तसं करतो. देऊ?"

देऊ! एक शब्द. हो म्हटलं की संपलं. मी कसम खाऊन सांगते, 'हो' माझ्या जिभेवर होतं, टोकावर. खाली त्या माणसाने हॉर्न वाजवला. मला ती बारीक तार दिसली, केबलची, त्याने बोटाला गुंडाळून धरलेली.

"नको देऊ," मी म्हटलं. "चांगला आहे. फोटो मी चढवून काढला. उजेड वाढवून. खाली बसले ते पण मुद्दाम. मला माहीत होतं."

तो बघतच राहिला. मग फोनवर म्हणाला, "भैया, कॅन्सल कर दो." फोन ठेवला.

"तू मला उल्लू बनवत होती?"

"हो."

"कशाला?"

"कशाला काय? मॉडेल मी निवडलेलं!" माझा आवाज असा फाटला की आतून फुईने विचारलं काय झालं. "वर्षभर मी बघितलं. तू एका लिंकवर घेतला!"

"म्हणजे जळते तू."

"हो! जळते! बस?"

तो वळला. खिडकीवरचा कपडा काढायला लागला, मी दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून घडी केली. घडी झाल्यावर म्हणाला, "आठ मॅच जिंकते तरी जळते. कमाल आहे." हसला नाही. जेवताना पण माझ्याशी बोलला नाही, फुईने दोनदा विचारलं तरी. चौथ्या दिवशी मेसेज आला, "येते का, दोन मॅच?" मी गेले. त्याच्या मोबाइलवर माझ्या नावापुढे त्याने तोच फोटो लावलाय, चार ट्रकवाला. मी फोन केला की त्याच्या खिशात ते हेडलाइट पेटतात. अजून काढला नाही.

आता मी आठवड्यातून दोनदा तिथे खेळते. जळणं गेलं का? अजिबात नाही! गेममध्ये खाली उजवीकडे नकाशा असतो, त्यामुळे ती फिकी किनार बरोबर झाकली जाते, शिलाईत गेल्यासारखी. तो विसरूनही गेला. मी नाही विसरले. मॅच सुरू व्हायच्या आधी स्क्रीन एक सेकंद काळी होते, तेव्हा माझी नजर पहिली तिथे जाते. आहे, अजून आहे. बरं वाटतं.

घरी येऊन माझा चालू केला की हिरवी रेघ. परवा पप्पा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. रेघ जागेवरच.

"ही शिलाईत नाही जाणार," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं. "सेकंड."

"सेकंड," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.