शेषरावच्या हर्नियाचा भाव

मोंढ्यात माल नसला की हमाल गोष्टी उचलतो. पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकायची, चहा मागवायचा, की कुणीतरी सुरू होतो. जुन्या जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या गल्लीत, मी आयुष्यभर पोती वाहिली. आता अंगात जोर राहिला न्हाई, पण सकाळ झाली की पाय तिकडंच वळतात. टोळी मला आबा म्हणते, बसायला बारदाना टाकून देते. लग्नाच्या, भांडणाच्या गोष्टी आमच्याकडं थोड्या. दवाखान्याच्या ढीगभर. त्यातल्या शेषरावच्या हर्नियाच्या तेवढ्या सांगतो. सावकाश सांगतो, घाई न्हाई ना?

* * *

शेषराव म्हणजे टोळीतला सगळ्यात दणकट गडी. भरलं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात असा चढायचा, जसा कुणी माडीवर झोपायला चाललाय. एक दिवस नळावर अंघोळ करताना लक्ष्मण मुकादमाला त्याच्या जांघेत लिंबाएवढा गोळा दिसला. लक्ष्मण म्हणजे आमच्या टोळीचा म्होरक्या. माल ठरवणं, मजुरी वाटणं, सगळं त्याच्याकडं.

"हे काय रे?"

"काय न्हाई. रात्री झोपलं की आत जातंय."

"आन सकाळी?"

"सकाळी माझ्यासंगं कामाला येतंय."

* * *

गल्लीच्या तोंडाशीच एक ऑपरेशनवाला दवाखाना आहे. हमाल कुठं एकटा जात न्हाई, म्हणून सगळी टोळी गेली. बाकडं भरलं. डॉक्टर तरुण, बोलायला शांत. म्हणाले, टाके घालून केलं तर पस्तीस हजार, दुर्बिणीतून साठ. जाळीचे वेगळे.

"जाळी कशाला?" मुकादम म्हणाला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पोटाचा पडदा फाटलाय, तिथून आतडं बाहेर येतंय, त्याला आतून जाळी लावायची.

शेषरावनं विचार केला. "डागदरसाहेब, पोतं फाटलं तर आम्ही दाभणानं शिवतो. सुतळी आमची लावू. तुमी फकस्त शिलाईचं सांगा."

डॉक्टर हसले. भाव हलला न्हाई. मग म्हणाले, "आणि नंतर तीन महिने ओझं उचलायचं नाही."

तेव्हा आमच्यातलं कुणी हसलं न्हाई. शेषराव म्हणाला, "मंग घरात तीन महिने चूल कशावर पेटवू? त्यो खर्चा कुठल्या बिलात येतोय?"

 आम्ही उठताना डॉक्टर एवढंच बोलले, "गोळा आत जायचा थांबला, उलट्या झाल्या, तर जल्दी या. आतडं अडकलं की सडतं. मग माणूस हातात राहत नाही."

* * *

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. तारीखही मिळाली. पण ती आली नेमकी सोयाबीनच्या हंगामात. ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या, वर्षाची कमाई त्याच दिवसांत. शेषराव गेलाच न्हाई.

त्याची बायको सुमन डबा घेऊन मोंढ्यात आली आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढं उभी राहिली. "तारखेला का न्हाई गेले?"

"हंगाम चालू हाय. पुढच्या तारखेला जातो."

"हंगाम दरसाल येतो. तुमी दरसाल येणार हायेत का?"

डबा ठेवून गेली. त्या दिवशी तो डबा त्यानं उघडला न्हाई.

* * *

मुकादमानं मंग वर्गणी करून मेडिकलमधून हर्नियाचा पट्टा आणला. पट्टा आला आणि टोळीतले आणखी दोघं हळूच पुढं आले. "मुकादम, दोन दिवसाआड मला बी लागंल." तोवर दोघांनी तोंडातून शब्द काढला नव्हता! मंग रोज सकाळी पहिला सवाल एकच, "पट्टा आज कुणाकडं हाय?" ज्याच्याकडं पट्टा, त्याच्याकडं जड माल.

एकदा सुमननं पट्टा धुऊन वाळत घातला. व्यापारी ओरडत आला, "जड मालाला माणूस कमी कसा?"

मुकादम म्हणाला, "शेठजी, पट्टा ओला हाय."

* * *

मक्याच्या दिवसांत एका दुपारी शेषराव पोत्याखाली बसला तो उठलाच न्हाई. गोळा दगडासारखा झालेला, आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. अंग घामानं निथळत होतं. रिक्षा गल्लीत शिरेना, ट्रॅक्टरला ट्रॅक्टर लागलेला. मुकादमानं ट्रकाची फळी ओढली, शेषरावला तिच्यावर निजवलं, ओझ्याखाली पाठीवर घ्यायचं त्याचंच पांघरूण वर टाकलं. चौघांनी फळी खांद्यावर घेतली. हमालाची चाल, दर दुकानाला खांदा बदलत. मी मागं धावत होतो. धावणं म्हणजे काय, ओढत होतो स्वतःला.

गल्लीतली माणसं बाजूला व्हायला लागली. टोप्या उतरल्या. कापडवाल्या शेठजींनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि हात जोडले.

फळीवरून आवाज आला, "शेठजी, दुकान उघडा. म्या हाये अजून."

* * *

गल्लीच्या तोंडाच्या त्याच दवाखान्यात काउंटरवरचा म्हणाला, आधी पैसे भरा. तेच डॉक्टर बाहेर आले, शेषरावच्या पोटाला हात लावला आणि म्हणाले, "आधी आत घ्या." दार बंद झालं. निरोप मिळताच सुमन धावत आली, भिंतीला टेकून बसली.  मुकादम दाराकडं बघत उभाच होता.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा थकलेला होता. "आतडं वाचलं," म्हणाले. "अजून थोडा उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं."

सुमन रडली. मुकादमानं विचारलं, "साहेब, खर्चा?"

"आता तातडीचं झालं. पहिल्यापेक्षा जास्त होणार."

लक्ष्मण मुकादमाच्या घरात जाफराबादकडं पिढ्यांपासून बैलांचा व्यापार. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. ठरलेला भाव तिसऱ्याला कळू द्यायचा न्हाई. मुकादमानं खांद्यावरचा रुमाल काढला, डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. आम्ही मान खाली घातली. दवाखान्यात असं कुणी करतं का?

डॉक्टरांनी हात ओढून घेतला न्हाई. दुसऱ्या हातानं बाही वर सारली, बैलबाजारात जुना व्यापारी सारतो तशी. रुमाल हलत राहिला. एकदा मुकादमानं मान हलवली, एकदा डॉक्टरांनी. मंग दोघं थांबले. डॉक्टर आत गेले. मुकादमानं रुमाल झटकला आणि त्याच रुमालानं बराच वेळ तोंड पुसलं.

"कितीला?" आम्ही विचारलं. तो आमच्याकडं बघायलाही तयार न्हाई.

संध्याकाळी शेषराव शुद्धीवर आला. सुमनला बघितलं, आम्हाला बघितलं, मंग मुकादमाला म्हणाला, "किती?"

मुकादम खाटेवर बसला. शेषरावच्या हातावर रुमाल पसरला, खाली हात घातला आणि बोटं दाबली.

शेषरावनं उशीवरून मान उचलली.

"एवढंच?"

"हळू बोल," मुकादम म्हणाला.