लग्नपत्रिका उघडायची राहिली

उदगीरच्या एका शिक्षणसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर आमच्या सचिवांच्या मेलवर एक लग्नपत्रिका आली. सचिव तालुक्यातलं एकही लग्न चुकवत नाहीत. पाठवणारा ओळखीचा नव्हता, म्हणून तर त्यांना जास्तच उत्सुकता. उघडेना, म्हणून चारदा दाबून पाहिली. तरी उघडेना, तेव्हा शेजारच्या दोन टेबलांवर पाठवून म्हणाले, "तुमच्याकडं उघडती का बघा."

पत्रिकेच्या वेशात व्हायरस होता. तासाभरात सगळ्या फायलींना कुलूप लागलं. हॉलतिकिटं, गुणपत्रकं, सेवापुस्तकं, सगळं गेलं. पडद्यावर इंग्रजीत धमकी आली: पैसे द्या, नाहीतर फायली विसरा. आणखी पसरू नये म्हणून मी धावत जाऊन नेटच्या वायरी उपटायला लागले.

सचिव ओरडले, "मॅडम, काय करायलात? पत्रिका बघायची हाय अजून!"

फायलींची वेगळी प्रत ठेवायला एक हार्डडिस्क द्या, असा अर्ज मी तीनदा दिला होता. निधी नव्हता. त्याच काळात संस्थेच्या दारात सचिवांच्या फोटोसकट स्वागतकमान मात्र उभी राहिली.

लगेच सात जणांची चौकशी समिती बसली. त्यातल्या एकालाही संगणक बंद कसा करतात हे माहीत नव्हतं. ते सरळ भिंतीवरचं बटणच दाबायचे. पहिल्या बैठकीत भजी झाली. दुसऱ्या बैठकीत दोषी सापडला: संगणक विभाग. मला कारणे दाखवा नोटीस आली, तीही हातानं लिहिलेली, कारण टाइप करायला काही शिल्लक नव्हतं.

"प्रत का ठेवली नाही?" समितीनं विचारलं.

"डिस्क मागितली होती. तीन अर्ज दिलेत."

"दाखवा."

"माझ्याकडच्या प्रती संगणकात आहेत. त्यांनाही कुलूप लागलंय."

समिती खूश झाली. मी शिपाईमामांना आवक नोंदवही आणायला सांगितली. तिन्ही अर्जांची नोंद होती, आणि प्रत्येकीपुढं सचिवांच्या अक्षरात शेरा होता: 'गरज नाही.'

समितीनं वही सचिवांपुढं सरकवली. सचिव म्हणाले, "तवा गरज नव्हती. आता हाय. ह्यात काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही, असं समितीनं एकमतानं ठरवलं. माझी माफी कोणी मागितली नाही. संगणक कोरे करून पुन्हा चालू केले, आणि मी नि दोन कारकून आठ दिवस बसून कागदी अर्जांवरून हॉलतिकिटं पुन्हा टाइप करत राहिलो. पोरं बाहेर उन्हात उभी.

मग परिपत्रक निघालं. सर्वांनी अवघड पासवर्ड ठेवावा आणि विसरू नये म्हणून तो कार्यालयातल्या फलकावर लिहावा. हार्डडिस्कही आली. ती सुरक्षित राहावी म्हणून सचिवांनी खोक्यासकट स्वतःच्या कपाटात ठेवली.

त्या संध्याकाळी मी फलक पुसला. दुसऱ्या दिवशी मला नवी नोटीस मिळाली: संस्थेची महत्त्वाची माहिती नष्ट केल्याबद्दल.