काचेवरचे रंग आणि वकीलसाहेब

ज्या सिनेमात गोष्टच नसते, त्याच्या गोष्टी मात्र फार साचतात. आमच्याकडे तर ढीग झालाय.

आम्ही तिघं. अकोल्याचा गजानन काचेच्या ट्रेमध्ये पाणी, तेल आणि रंग सोडतो, खालून लाइट लावतो आणि वरून शूट करतो. अमरावतीची मनीषा सिंथेसायझरवर त्याला आवाज देते. मी रविवारी बडनेऱ्याहून जाऊन ट्रे धरतो. नट नाही, कथा नाही, नुसते रंग आणि आवाज.

गजाननचे वडील जन्मभर कोर्टात वकिली केलेले. पहिला सिनेमा बघताना दोन मिनिटांत उठले. "याच्यात फिर्यादी कोन अन् आरोपी कोन, तेच समजून नाही राहिलं. हे डिजाइन हाये. याले सिनेमा नाही म्हनत."

गजानन हसला, पण त्याला लागलं. वडिलांनी एकदा तरी सिनेमा म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

गजाननची आई, म्हणजे आमच्या काकू, मात्र शेवटपर्यंत बसायच्या. एकदा मनासारखा पिवळा सापडेना, तर त्यांनी लोणच्याच्या बरणीतलं तेल आणून दिलं. शूट झकास झालं. पुढे आठवडाभर ट्रेला मुंग्या!

एका उन्हाळ्यात मनीषा खालच्या पट्टीतली घरघर वाजवत होती. शेजाऱ्यांना वाटलं, आपल्या कूलरची मोटर गेली. मेकॅनिक आला, त्याने कूलर खोलला. तेवढ्यात मनीषा चहाला उठली. "घ्या, झाला दुरुस्त," मेकॅनिक म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

अमरावतीच्या एका कॉलेजात शो होता. पडदा निळाशार झाला आणि तसाच राहिला. पोरं गंभीर होऊन बघत होती.

"काय निळा घेतला बे!" मी गजाननच्या कानात म्हणालो.

"माहा नाही. मले वाटलं, तुमी टाकला."

प्रोजेक्टरची वायर निघाली होती. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडल्या.

मग काकू वारल्या. रविवार होतात अजून, पण पूर्वीसारखे नाही. तो पिवळा पुन्हा जमलाच नाही, आणि काकूंची फार आठवण येते.

गेल्या दिवाळीत गजाननने नवा सिनेमा घरातच भिंतीवर लावला. मनीषा बाजूला बसून वाजवत होती. वडील खुर्ची ओढून बसले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, ते उठेनात. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. भिंतभर केशरी रंग पसरला, तसे ते रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "ऐकतं का वं? गॅस बंद कर अन् बाहेर ये. गजाननचा सिनेमा लागला."

मनीषानं आवाज थोडा कमी केला.