सहीची जागा

फलटणहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. कालव्यावरचा पाटकरी. गावोगावची पाण्याची दारं पाळीप्रमाणे उघडायची आणि बंद करायची, हे त्याचं सरकारी काम. दारांच्या कुलपाची किल्ली त्यानं करगोट्याला बांधली होती. गाडीला धक्का बसला की सदऱ्याखाली हात घालून तो ती चाचपायचा.

सरकारनं नव्या नियमांचा मसुदा काढला होता. यापुढे अशा जागांवर कराराची माणसं, अकरा महिन्यांपुरती, भाड्याच्या खोलीसारखी. हरकत नोंदवायचा तो शेवटचा दिवस होता. त्यानं आपला अर्ज माझ्या हातात दिला. "आवं, काय चुकलंय का बघा जरा."

"तुमची नोकरी तर जात नाही," मी म्हणालो.

"मी दोन वर्सांत सुटतूय. पन माझ्या मागनं येनाऱ्याचं काय? पाळी नसताना मोठा बागायतदार म्हनतो, दार उघड. मी न्हाई म्हनतो. लय झालं तर माझी बदली व्हईल. त्या करारवाल्याची चूल इझंल. मग त्यो न्हाई म्हनंल व्हय? अन् शेवटच्या रानाला पानी कोन देनार?"

मला पटलं. कागद परत देताना मी म्हटलं, "खाली नाव आणि सही राहिलीय."

त्यानं पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"सायबांच्या डोळ्यावर आलो तर? माझी पेन्शनची कागदं त्यांच्याच हातात हायती."

साताऱ्याला तो उतरला तेव्हाही ती जागा कोरीच होती. म्हणून त्याचं नाव मला आजही माहीत नाही.