मणक्याला झेपेल एवढंच

कॅन्सरच्या दवाखान्यात मी फिजिसिस्ट आहे. किती किरणं द्यायची ते डॉक्टर ठरवतात. ती गाठीवरच पडावीत आणि आजूबाजूला कमीत कमी जावीत, याचा आराखडा मी कॉम्प्युटरवर मांडते. पेशंट मला बहुतेक वेळा स्कॅनमधूनच भेटतात.

गंगापूरच्या जीपवाल्याचा चेहरा मात्र मला पाठ होता. दोन वर्षांपूर्वी अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी त्याला आमच्याकडेच किरणांचा शेक दिला होता. बरा होऊन तो पुन्हा सवाऱ्या भरायला लागला. तपासणीला आला की मशीनच्या दाराशी थांबून सगळ्यांना रामराम घालायचा. या उन्हाळ्यात त्याला परत घास अडकू लागला. गाठ पुन्हा तिथंच, मणक्याला खेटून आली होती. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं.

"बघा, काही जमतंय का," डॉक्टर म्हणाले.

मी जुना आराखडा उघडला. माझाच होता. मणक्यातला मज्जारज्जू आयुष्यभरात जेवढी किरणं सोसू शकतो, त्यातली बहुतेक तेव्हाच देऊन झाली होती. नियमात बसत होतं, म्हणून मी सही केली होती. त्या आठवड्यात माझ्यापुढं कामाचा ढीग होता. अजून एक दिवस बसले असते, तर मणक्यावरचं थोडं कमी करता आलं असतं.

तीन दिवस मी सगळे कोन फिरवून पाहिले. मणका वाचवला की गाठीची मागची बाजू सुटायची. गाठ किरणांनी पूर्ण झाकली की स्क्रीनवर मणका लाल व्हायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर अडलंय म्हणं?"

मी तिला बसवलं आणि सरळच सांगितलं, पूर्ण शेक दिला तर काही महिन्यांत पाय जाऊ शकतात.

"जाऊ द्या की," ती लगेच म्हणाली. "मी उचलीन त्यांना. लई हलके झालेत आता."

"लघवीही कळणार नाही त्यांना."

"ते बी करीन." मग म्हणाली, "तवाच जरा कमी दिलं असतं तर?"

मी म्हणाले, तेव्हा तेवढं द्यावंच लागलं. ती व्हय म्हणाली आणि उठली.

ती गेल्यावर मी मणक्याची मर्यादाच काढून टाकली. अर्ध्या तासात आराखडा तयार झाला. गाठ पूर्ण झाकलेली. तो मी डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"एवढं करून गाठ जाईल, असं सांगू शकता?"

"नाही."

"मग पुसा."

मी पुसला.

गिळायला जरा सोपं जावं म्हणून त्याला पाच दिवस अगदी थोडा शेक दिला. पंधरा दिवस ताक आणि पेज गेली. नंतर तेही थांबलं. श्रावणात तो गेल्याचं डॉक्टरांनीच मला सांगितलं. मी मान हलवली आणि पुढची फाईल उघडली.

आता मी प्रत्येक आराखड्यावर एक दिवस जास्त घालवते. त्यामुळं बाहेर बाकड्यांवर बसलेल्यांचा नंबर लांबतो. त्यांच्या गाठी तोवर वाढत असतात.