पल्लवीची बंद केलेली वेबसाइट

भूत, आत्मा, झपाटणं... असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानते असं नाही. माझं कामच असं आहे, की एखादी गोष्ट का घडली हे सरळ शब्दांत लिहिता आलं नाही तर काम परत येतं. मी खामगावला आईकडे राहते आणि घरूनच सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिते – टूल कसं वापरायचं, काय दाबल्यावर काय होतं, चुकलं तर काय दिसतं.

गेल्या वर्षी एका टूलचं काम आलं. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, ठरावीक मुदतीनं रिन्यू करावं लागतं; नाही केलं तर साइट बंद पडते. हे काम माणसाऐवजी एआय एजंटनं करावं म्हणून ते टूल होतं. एजंट मुदत तपासतो, मालकाला विचारतो, 'हो' आलं की रिन्यू करतो. मला प्रत्येक पायरी खऱ्या डोमेनवर करून बघायची होती. 'हो'ची उदाहरणं झाली. मालक 'नाही' म्हणाला तर काय, ते पान राहिलं होतं.

माझ्या खात्यावर पल्लवीचं डोमेन होतं.

पल्लवी माझी मावसबहीण, जळगाव जामोदची. तिच्या रांगोळ्यांची साइट आम्ही दोघींनी मिळून केली होती – फोटो, आणि तिच्या आवाजातलं छोटंसं रेकॉर्डिंग. बाविसाव्या वर्षी ती डेंग्यूनं गेली. तेव्हापासून मावशी रोज दुपारी, जेवण झालं की, फोनवर ते रेकॉर्डिंग ऐकायची. डोमेन दरवर्षी मी रिन्यू करत होते.

आता खरं सांगते. मी नवऱ्याचं घर सोडून आले, त्यानंतर भावाच्या लग्नात मावशी मांडवात चार बायांसमोर म्हणाली, "देवाचा न्याय पाह्य व बाई. माही गुणाची पोर नेली, अन् हे घर मोडून आलेली ठेवली." मी तिच्याच पंगतीत वाढत होते. कुणी तिला थांबवलं नाही. आईनंही नाही.

एजंटनं विचारलं, 'रिन्यू करू का?' दुसरं एखादं डोमेन निवडता आलं असतं. मी 'नाही' टाइप केलं. उत्तर आलं – 'मालकाने नकार दिला. नूतनीकरण थांबवले.' ते पानावर चिकटवलं आणि चहा ठेवायला उठले. वाईट वाटलं नाही. मावशी फोनवर बोट दाबत बसेल हे डोळ्यांपुढे आलं, आणि बरं वाटलं.

मुदत संपली, साइट बंद पडली. पुढचे सवलतीचे दिवसही गेले आणि डोमेनची नोंद पुसली गेली. प्रत्येक टप्पा मी लिहून ठेवत होते, त्यामुळे यात शंका नाही. मावशीचा फोन येईल म्हणून वाट बघितली. आला नाही.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आईनं मला पाठवलं. नांदुऱ्यावरून एसटीनं जळगाव जामोदला गेले. ऑपरेशननंतर काकांनी मावशीला मोठ्या स्क्रीनचा नवाकोरा फोन घेऊन दिला होता. जेवणं झाली. मावशीनं फोन मांडीवर घेतला, आणि साइट उघडली. रांगोळ्या दिसल्या. पल्लवी बोलायला लागली.

ते रेकॉर्डिंग मी स्वतः केलेलं. 'धन्यवाद'ला संपतं. ते तिथं संपलं, आणि त्याच आवाजात पुढे आलं, "आई, थेंब टाकले का डोळ्यात?"

"हाव बाई, टाकले," मावशी म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला.

"मावशी, हे कधीपासून?"

"काय व वैशू?"

"हे... तिचं बोलणं."

"ऑपरेशन झाल्यापासून. रोज इचारते. काऊन, तुह्याकडं नाई बोलत?"

त्यात टोमणा नव्हता. पण मला तो लागला. मी माझ्या फोनवर साइट उघडली – सापडत नाही. बॅगेतून लॅपटॉप काढून एजंटला विचारलं. 'अशा नावाची नोंद नाही.'

गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "मावशी, हे साइट बंद हाये. तीन महिने झाले. मीच बंद केली."

"बंद कशी? रोज तं ऐकतो मी."

मी माझा फोन तिच्यापुढे धरला. तिनं काळा चष्मा वर करून पाहिलं.

"काऊन केलं व असं?"

"तू मांडवात बोलली होती ना."

तिनं आपला फोन घेतला, बोटानं दाबलं. कोरं पान. पुन्हा दाबलं. चार वाजेपर्यंत ती दाबत होती, आणि मी समोर बसून होते.

त्याच संध्याकाळी मी ते डोमेन परत घेतलं, फाइली चढवल्या, आणि दुसऱ्या दिवशी साइट सुरू करून फोन तिच्या हातात दिला. तिनं 'धन्यवाद'पर्यंत ऐकलं. थांबली. बराच वेळ थांबली. मग फोन काकांकडे दिला. "बंद करा. हे तं वैशूची मशीन बोलून राह्यली."

कंपनीतला एक इंजिनिअर म्हणाला, फोनमध्ये जुनी प्रत साठलेली असेल. फोन नवा होता, मी सांगितलं. आणि थेंबांचं? तो दुसऱ्या कामाचं बोलायला लागला. जे बघितलं ते लिहिलंय.

मावशी आता ती साइट उघडत नाही. माझ्याशी बोलत नाही. साइटवर रोज दुपारी एकच जण येऊन जातं, ती मी. 'धन्यवाद'नंतरही फोन कानाशी धरून ठेवते. काही ऐकू येत नाही.